दाविदाला क्षमा मिळाली, मग उरीयाचे काय?

दिवेलागण

आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत मी गेली अकरा वर्षे मोठ्या मुलांचा वर्ग घेते. उपवासकाळ आला की दुसरे शमुवेल ह्या पुस्तकातले अकरावा आणि बारावा हे अध्याय वाचायचे, दावीद राजाचे पतन, नाथान संदेष्ट्याने केलेली कानउघाडणी, राजाचा पश्चात्ताप आणि देवाची क्षमा हा क्रम समजावून द्यायचा आणि शेवटी एकावन्नावे स्तोत्र पाठ करून घ्यायचे, असा माझा ठरून गेलेला धडा आहे. इतकी वर्षे तो सुरळीत पार पडला. ह्या वर्षी नववीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "टीचर, दाविदाला माफी मिळाली, राज्य राहिलं, पुढे शलमोन झाला. पण उरीयाला काय मिळालं?"

ज्यांनी हा भाग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लढाईचा हंगाम असूनही दावीद यरुशलेमेत मागे राहतो, वाड्याच्या गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा त्याच्या दृष्टीस पडते, ती आपल्याच सैन्यातल्या उरीया हित्तीची बायको आहे हे कळूनही तो तिला बोलावून घेतो. तिला दिवस गेल्याचे समजताच तो उरीयाला आघाडीवरून परत बोलावतो, म्हणजे मूल उरीयाचेच समजले जाईल. पण कराराचा कोश आणि आपले सोबती तंबूत असताना मी घरी जाऊन खाणेपिणे कसे करू, असे म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपतो. अखेर दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो की उरीयाला तुंबळ लढाईच्या तोंडी द्या आणि मागे हटा. आणि ते पत्र तो उरीयाच्याच हाती पाठवतो.

मुलाच्या प्रश्नावर उत्तर सुचेना म्हणून मी स्तोत्र उघडले, तर त्यातल्या चौथ्या वचनाने अडचण वाढवली. दावीद देवाला म्हणतो की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. केवळ? मग ज्याला मारले त्याच्याविरुद्ध काय केले? मी वर्गाला पुढच्या रविवारचा वायदा करून सुटले आहे. माणूस अपूर्ण आहे हे मला मान्य आहे आणि देव क्षमा करतो ह्यावर माझा विश्वास आहे. परंतु ह्या दोन गोष्टींच्या मध्ये उरीयाला कुठे बसवायचे हे मला कळत नाही. जाणत्यांनी मदत करावी.

कट्टेकरी

नववीतल्या मुलाच्या प्रश्नासाठी धागा काढावा लागला, म्हणजे वर्ग चांगला चालला आहे. आमच्या काळी असले प्रश्न विचारणाऱ्या मुलाला नाताळच्या नाटकात हमखास मेंढराचे काम मिळत असे. मी सलग तीन वर्षे मेंढरू होतो.

तळटीप

दिवेलागणताई, आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मूळ हिब्रू मजकुरातल्या दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील असे वाटते, कारण भाषांतरात त्या सहसा निसटतात.

अकराव्या अध्यायात 'पाठवणे' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. दावीद यवाबाला पाठवतो, चौकशीसाठी माणूस पाठवतो, बथशेबेला आणण्यासाठी पाठवतो, उरीयाला पाठवून द्या म्हणून निरोप पाठवतो, पत्र पाठवतो. राजा म्हणजे ज्याला स्वतः जावे लागत नाही असा माणूस, हे लेखक कुठेही टीका न करता नुसत्या क्रियापदाने दाखवतो. बारावा अध्याय सुरू होतो तो मात्र 'परमेश्वराने नाथानाला पाठवले' ह्या शब्दांनी. पाठवणारा बदलला.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. उरीया पडल्याची बातमी आल्यावर दावीद यवाबाला निरोप देतो, त्याचा शब्दशः अर्थ असा की ही गोष्ट तुझ्या डोळ्यांना वाईट दिसू नये, कारण तलवार कोणालाही खाते. दोनच वचनांनंतर अध्यायाचे शेवटचे वाक्य येते, तेही त्याच शब्दांत: दाविदाने केलेली गोष्ट परमेश्वराच्या डोळ्यांना वाईट दिसली. राजाच्या हाती फौज, टपाल आणि न्यायासन असल्यामुळे बरे काय आणि वाईट काय हे ठरवणेही त्याला आपल्याच हाती आहे असे वाटू लागले होते. 'केवळ तुझ्याविरुद्ध' ह्या वचनाचा अर्थ मी ह्या पार्श्वभूमीवर लावतो. ज्या एका दृष्टीला आपल्या हुकुमाने झाकता येत नाही, तिच्यापुढे दावीद उभा आहे. उरीयाविरुद्ध काही घडले नाही असे त्याला म्हणायचे नाही. मोशेच्या नियमशास्त्रातही ही दोन पापे वेगळी नाहीत. गणना, अध्याय पाच ह्यात म्हटले आहे की माणसाने माणसाचा अपराध केला तर तो परमेश्वराशी केलेला विश्वासघात ठरतो, आणि त्याने पाप कबूल करून भरपाई द्यावी, वर पाचवा हिस्सा अधिक द्यावा.

शाईदौत

मी श्रद्धावान नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणाला आश्चर्य वाटायला नको. तळटीप यांचे विवेचन सुंदर आहे, पण त्याने मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्याचे गेले त्यानेच क्षमा करावी, हा साधा न्याय आहे. माझ्या शेजाऱ्याला कोणी लुबाडले आणि मी लुबाडणाऱ्याला मोठ्या मनाने माफ करून टाकले, तर शेजारी मला काय म्हणेल? देवाने दाविदाला क्षमा करणे मला तसेच वाटते. त्यातून हे मोठे सोयीचे आहे, कारण देव समोर येऊन हिशेब मागत नाही, आणि उरीया तर येऊच शकत नाही.

दुसरे असे की त्याच स्तोत्रात पुढे दावीद म्हणतो की मी जन्मापासूनच पापात आहे. हा बचाव आजच्या कोणत्याही न्यायालयात वकिलाला शोभला असता. जन्मतःच मोडका असेन, तर मोडल्याचा दोष माझा कसा?

पापडीचा पाव

शाईदौत, आपला पहिला मुद्दा मला एका अनुभवामुळे फार जवळचा वाटतो, म्हणून तो सांगतो.

विशीत असताना मी एका दुकानात हिशेबाला होतो. उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाला लिहिता-वाचता येत नसेल तर आकडा थोडा चढवायचा, ही तिथली रीत होती आणि ती मीही पाळली. त्यातली एक म्हातारी आमच्याच आळीतली होती, दर महिन्याला मुकाट्याने पैसे देणारी. पास्काच्या (ईस्टरच्या) आधी कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो तेव्हा मी हे पाप बाकीच्या किरकोळ पापांच्या मध्ये दडपून, घाईघाईने सांगितले. फादरांनी मला थांबवले आणि विचारले की किती रुपये? मी म्हणालो की नक्की आठवत नाही. ते म्हणाले की नीट आठव, मी बसलो आहे. मागे रांग उभी होती आणि मी त्या जाळीपलीकडे घाम पुसत बेरीज करीत होतो. प्रार्थना तर सांगितल्याच, पण त्याआधी पैसे परत करण्याची तयारी आहे का, हे त्यांनी मला स्पष्ट विचारले.

आमच्या कॅथलिक शिकवणीत हे नवे नाही. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे तिन्ही त्या संस्कारात एकत्र येतात, आणि 1992 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथातही चोरलेली वस्तू परत करणे, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचे नाव पुन्हा स्वच्छ करणे, असे उल्लेख आहेत. पैसे मी म्हातारीला दिले. तिने मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं रे." तिच्याकडून माफी मागायची राहूनच गेली, कारण ह्या चार शब्दांनंतर मला बोलताच येईना.

पण मला परत करायला पैसे होते आणि घ्यायला म्हातारी होती. दाविदाकडे दोन्ही नव्हते.

तळटीप

पापडीचा पाव यांच्या शेवटच्या वाक्यातच स्तोत्राच्या सोळाव्या वचनाची किल्ली आहे. दावीद म्हणतो की तुला यज्ञबली आवडत नाही, आवडत असता तर मी दिला असता. हे वचन आपण अनेकदा कर्मकांडावरची टीका म्हणून वाचतो. नियमशास्त्रात जाणूनबुजून केलेल्या खुनासाठी कोणताही बली सांगितलेला नाही, आणि खुनी माणसाच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये असे गणना, अध्याय पस्तीस ह्यात बजावलेले आहे. म्हणजे दाविदाकडे देण्यासारखे काहीच नव्हते. मंदिरात नेण्याजोगा बकरा नाही, भरपाई घेणारा जिवंत नाही. अशा वेळी माणसाजवळ उरते ते भंगलेले मन, आणि सतराव्या वचनात तो तेच पुढे करतो.

शाईदौत यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल. जन्मजात पापाच्या शिकवणीवर ख्रिस्ती लोकांतच पंधराशे वर्षे आणि अधिक काळ वाद चालू आहे. माणूस आपल्या बळावर निष्पाप राहू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसच्या शिकवणीचा 418 साली कार्थेजच्या परिषदेने धिक्कार केला. त्या बाजूने संत ऑगस्टीनने फार लिहिले. पण ऑगस्टीनने रोमकरांस पत्रातल्या पाचव्या अध्यायाचे बारावे वचन ज्या लॅटिन शब्दांत वाचले, त्यांतून आदामामध्येच सर्वांनी पाप केले असा अर्थ निघतो, आणि मूळ ग्रीक शब्दांचा 'कारण सर्वांनी पाप केले' असाही अर्थ होतो. त्यामुळे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आदामाचा दोष वारसाने येतो असे म्हणत नाहीत. मृत्यू आणि बिघडलेली प्रकृती वारसाने येते असे म्हणतात. ते काहीही असो, दावीद हे वचन वकिलासारखे वापरत नाही. आपले अपराध आपणच केले हे त्याने आधीच्या दोन वचनांत कबूल करून झाले आहे. घसरलेला माणूस जेव्हा म्हणतो की आज नव्हे, मी पहिल्यापासूनच असा आहे, तेव्हा तो शिक्षा कमी करून मागत नसतो. 'एकदाच चुकलो हो' हा बचाव त्यापेक्षा कितीतरी सोपा होता.

चिंचेची सावली

इतक्या प्रतिसादांत बथशेबेबद्दल कोणीच बोलले नाही, ह्याची मी वाट पाहत होते.

लहानपणापासून मी ह्या भागावर जे उपदेश ऐकले, त्यांतल्या निम्म्या तरी उपदेशांत ती गच्चीवर मुद्दाम स्नान करीत होती असे सुचवले गेले. मजकूर पुन्हा वाचा. गच्चीवर दावीद होता. ती कुठे स्नान करीत होती हे लिहिलेलेच नाही, आणि ते नियमशास्त्राप्रमाणे केलेले शुद्धीचे स्नान होते असे पुढच्याच वचनांत सुचवले आहे. राजाचे लोक दाराशी आले तेव्हा तिने काय म्हणावे अशी अपेक्षा होती? अख्ख्या अकराव्या अध्यायात तिचे एकच बोलणे आहे, "मला दिवस गेले आहेत", आणि तेही निरोपातून. नाथानाच्या दाखल्यात श्रीमंत माणूस आपल्या कळपाला हात न लावता गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापतो. त्या मेंढीला कोणी दोष दिला आहे का?

हे सांगण्याचे कारण असे की 'माणूस अपूर्ण आहे' हे वाक्य मला अलीकडे जपून ऐकावेसे वाटते. सगळेच पापी, सगळेच अपूर्ण, असे म्हणत म्हणत आपण राजाचे पाप आणि राजाच्या दाराशी ओढून आणलेल्या बाईचे पाप एकाच तागडीत घालतो. नाथानाने तसे केले नाही. त्याने 'आपण सारेच चुकतो, महाराज' असा उपदेश केला नाही. 'तो माणूस तूच आहेस' असे म्हटले.

भीमाकाठ

मी वारकरी घरातला, तेव्हा ह्या चर्चेत थोडा पाहुणाच आहे. पण देवापुढे स्वतःला पतित म्हणवून घेण्याची रीत आम्हाला परकी नाही. तुकोबांच्या गाथेत आपले दोष मोजून दाखवणारे, मी लोकांना वाटतो तसा नाही असे सांगणारे अभंग कितीतरी आहेत, आणि ते वाचताना ह्या स्तोत्राची आठवण व्हावी अशी त्यांची धाटणी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत, त्याचे मला त्यामुळे नवल वाटत नाही.

एक फरक मात्र मला जाणवतो. आमच्याकडे पतित आणि पावन ह्या दोघांचेच बोलणे चालते. दरबारातला कोणी नाथान मध्येच येऊन राजाला खडसावतो, हे मला इथे विशेष वाटले.

कागदपत्र

भीमाकाठ, दरबारातला नाथान आपल्याकडेही होऊन गेला आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना ह्या कृत्याचे प्रायश्चित्त देहान्त असल्याचे तोंडावर सांगितले, ही हकीकत महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तुमच्या राज्यात न्यायाचे पाणीही पिणार नाही अशा बाण्याने ते पुणे सोडून वाईजवळच्या गावी जाऊन राहिले, आणि बारभाईंचा कारभार आल्यावर परतले.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळक दिसते. सांगणारे दोघेही सारखेच निर्भय होते. ऐकणारे मात्र सारखे नव्हते. राघोबादादा पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले, गादीसाठी त्यांनी युद्ध ओढवून घेतले आणि 1783 मध्ये कोपरगावी त्यांचा शेवट झाला. दाविदाचे उत्तर हिब्रूत अवघ्या दोन शब्दांचे आहे असे मी वाचले आहे. तळटीप यांनी खात्री करावी.

कट्टेकरी

पत्राच्या बाबतीत दावीद आनंदीबाईंच्या पुढे गेला म्हणायचा. यवाबाला आलेल्या कागदात 'ध' चा 'मा' करण्याची वेळच आली नाही. राजाने स्वहस्ते 'मा' च लिहिला होता.

कागदपत्र

कट्टेकरी, 'ध' चा 'मा' ही दंतकथा आहे हे नोंदवून हसतो.

तळटीप

होय, दोनच शब्द: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले. त्याच्याआधीच्या शौल राजानेही शमुवेलासमोर 'मी पाप केले' असेच म्हटले होते, परंतु त्याला लागून 'मी लोकांना भ्यालो' असे कारण जोडले, आणि नंतर 'तरी वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा' अशी विनंती केली. दाविदाच्या वाक्यापुढे काहीच नाही.

सातवा सूर

मी ह्या संकेतस्थळावर बरीच वर्षे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो आहे, कारण सर्वजण दाविदाच्या क्षमेवर बोलत आहेत आणि बाराव्या अध्यायात दाविदाच्या पापापायी त्याचे आणि बथशेबेचे जे मूल सात दिवसांत मरते त्याच्याजवळ कोणी थांबलेले नाही.

आमचा पहिला मुलगा सहा दिवसांचा होऊन गेला. त्याच्या हृदयात जन्मतःच दोष होता. मातीच्या दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांपैकी एका वयस्क गृहस्थांनी हाच बारावा अध्याय काढला आणि घरात काही लपलेले पाप असल्यास कबूल करावे, असे आम्हाला सौम्य आवाजात सुचवले. माझी बायको उठून आत गेली. मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर दोन वर्षे आम्ही उपासनेला गेलो नाही.

मला कोणी सांगू नये की देवाच्या योजनेत सर्व काही ठीक असते. तरीही मी त्याच अध्यायामुळे परत आलो, हे मला कोणाला समजावून सांगता आलेले नाही. मूल आजारी असताना दावीद जमिनीवर पडून राहतो, खात नाही, रडतो. मूल गेल्याचे कळल्यावर उठतो, स्नान करतो, परमेश्वराच्या मंदिरात जातो आणि जेवायला मागतो. चाकरांना ते विचित्र वाटते. तो म्हणतो की आता मी त्याला परत आणू शकतो काय? मी त्याच्याकडे जाईन, पण तो माझ्याकडे परत येणार नाही. विश्वास वगैरे शब्द त्या वाक्यात नाहीत. ते एका बापाचे वाक्य आहे, आणि ते मी अनेक रात्री मोठ्याने वाचले आहे.

चिंचेची सावली

दादा, आपण लिहिलेत हे बरे केलेत. त्या गृहस्थांना योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय कोणी दाखवायला हवा होता. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि येशू सरळ म्हणतो की ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. ताईंना माझा नमस्कार सांगा.

तळटीप

सातवा सूर यांच्या लिहिण्यावर भाष्य करण्याचा मला अधिकार नाही. फक्त एक सांगतो. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहू नये, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो, आणि दुसरे शमुवेल, अध्याय बारा हा त्याच्या शेजारी पवित्र शास्त्रात तसाच उभा आहे. माझ्या आधीच्या पिढीतल्या भाष्यकारांनी ह्या दोहोंचा मेळ घालण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. मी ते शिकवले आहेत. कोणत्याही शोकाकुल घरात मी ते तोंडातून काढणार नाही.

शाईदौत

वरच्या प्रतिसादानंतर माझा पहिला प्रतिसाद मला थोडा उथळ वाटू लागला आहे, परंतु आक्षेप मी मागे घेत नाही. सातवा सूर यांना देवाकडून काय मिळाले हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. उरीयाला काय मिळाले, ह्याचे उत्तर मात्र अजून कोणीही दिलेले नाही. धाग्याचे शीर्षक तेच आहे.

पापडीचा पाव

शाईदौत, आपण आम्हाला बरोबर जाळीसमोर बसवले आहे. 'नीट आठव, मी बसलो आहे.'

तळटीप

ठीक आहे, आठवून पाहतो. उरीयाला जीव परत मिळाला नाही, आणि ज्या शास्त्रात मेलेले उठवल्याच्या कथा आहेत त्यात त्याला कोणी उठवलेही नाही. पण त्याचे नाव पाहा. पवित्र शास्त्रातल्या 'इतिहास' ह्या नावाच्या पहिल्या पुस्तकात ही मोहीम पुन्हा सांगितली आहे, तिथे दावीद यरुशलेमेत राहिला एवढेच वाक्य आहे आणि लगेच राब्बा हे शत्रूचे शहर पडते. मधले सारे गाळले आहे. दरबारी इतिहासाने जे करायचे ते तिथे केले. इतरत्र मात्र हे नाव पुसले गेले नाही. राजे, पहिले पुस्तक, अध्याय पंधरा ह्यात दाविदाची स्तुती आहे की त्याने आयुष्यभर परमेश्वराच्या दृष्टीने नीट तेच केले. आणि त्या वाक्याच्या शेपटाला 'उरीया हित्तीची गोष्ट सोडून' असे जोडलेले आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाच्या शूर वीरांची नावनिशी आहे, आणि तिच्यात अगदी शेवटी उरीया हित्ती येतो. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्ताची वंशावळ सांगताना तामार, राहाब आणि रूथ ह्यांची नावे घेतली आहेत, परंतु शलमोनाच्या आईजवळ, म्हणजे बथशेबेजवळ, आल्यावर 'उरीयाची जी बायको होती तिच्यापासून' असे लिहिले आहे. दाविदाच्या मृत्यूनंतर जवळपास हजार वर्षांनी, राजाच्या वंशजाची थोरवी सांगण्यासाठी काढलेल्या यादीत, तो परदेशी शिपाई आपल्या बायकोचा नवरा म्हणून उभा आहे.

चिंचेची सावली

आणि बथशेबेचे नाव त्याच ओळीत गेले, हेही लिहून ठेवा.

तळटीप

ठेवले. आपले म्हणणे खरे आहे.

शाईदौत

यादीत नाव राहणे म्हणजे न्याय नव्हे. तरी एवढे कबूल करतो की ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी आपल्या लाडक्या राजाची ही फाईल गहाळ होऊ दिली नाही. फायली कशा गहाळ होतात हे मला नोकरीमुळे चांगले ठाऊक आहे.

भीमाकाठ

दिवेलागणताई, रविवार होऊन गेला. वर्गात काय झाले?

दिवेलागण

सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण काय लिहावे हे ठरत नव्हते.

मी वर्गात आधीच सांगून टाकले की मागच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन. मग गणनेतला भरपाईचा नियम वाचला, पापडीचा पाव यांची म्हातारी नाव-गाव न सांगता सांगितली, आणि ती मुलांना दाविदापेक्षा जास्त आवडली. एका मुलीने विचारले की म्हातारीला ठाऊक होते, तर ती बोलली का नाही. त्यावर वर्ग पाच मिनिटे आपापसांतच भांडला. सातवा सूर यांच्याबद्दल मी काही बोलले नाही; फक्त ह्या वेळी ते मूल मेल्याची वचने मी गाळली नाहीत. दरवर्षी गाळत असे.

शेवटी आम्ही शूर वीरांची यादी वाचली. नावे अवघड, त्यामुळे हशा पुष्कळ झाला. एकोणचाळिसाव्या वचनात उरीया हित्ती आला आणि त्यापुढे 'एकूण सदतीस' असे आले. तेव्हा ज्याने मूळ प्रश्न विचारला होता तो मुलगा बोटे घालून नावे मोजू लागला. सदतीस काही भरेनात. त्याने पुन्हा मोजले, मग मान वर केली आणि म्हणाला, "टीचर, ह्यात यवाबाचे दोन भाऊ आहेत, यवाबाची हत्यारे वाहणारा माणूससुद्धा आहे. पत्र तर यवाबाला आलं होतं. त्याचं नाव वीरांत कुठे आहे?"

मी अध्याय आठव्या वचनापासून पुन्हा वाचला, तिथे ते नव्हते. तळटीप, आपण आहात का? मी पुन्हा पुढच्या रविवारचा वायदा करून बसले आहे.